परवानगीच्या आधीचा शब्द

आई, रविवारी सरकारी कचेरीतून फोन येत नाही हे मला कळतं, तरी सकाळपासून मोबाइल ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवूनच मी स्वयंपाक केला. भाजी खाली लागली. नवऱ्याने ती लोणच्याबरोबर संपवली, मुलीने जपानीत काहीतरी पुटपुटून ताट बाजूला सरकवलं. दोघं आता बाहेर गेलीत आणि मी इथे जपानात, निशी-कसाईच्या या छोट्या स्वयंपाकघरात तुला लिहीत बसले आहे. खरं तर तुझ्याशी एक जुनं भांडण आहे माझं. ते मी मनात इतकी वर्षं जपलं, पण या आठवड्यात ते माझ्याच अंगावर आलं.

आधी माझं काम सांगते. तू असताना मी इथे नुसती नवऱ्यामागून आलेली बायको होते, भाषा शिकत होते. तू गेल्यावर विम्याच्या दलालीच्या एका फर्ममध्ये लागले. तू जन्मभर पुण्याच्या विमा कचेरीत क्लेम विभागात बसलीस, तेव्हा तुला फार समजवावं लागणार नाही. इथल्या जोखमीचा विमा इथे परवाना असलेल्या कंपनीनेच उतरवायचा, असा इथला कायदा. पण काही जोखमी अशा असतात की इथलं कुणीच त्यांना हात लावत नाही. मग परदेशातल्या, इथे परवाना नसलेल्या कंपनीकडे जाता येतं. मात्र त्यासाठी विमा घेणाऱ्याने आधी सरकारची परवानगी काढायची. आधी म्हणजे त्या कंपनीकडे विम्याचा अर्ज करायच्याही आधी. परवानगी हातात येईपर्यंत आम्ही दलालांनी त्या कंपनीला ‘घ्या यांना’ असं एका ओळीनेही कळवायचं नाही. त्या बाहेरच्या कंपनीने उद्या हात वर केले तर इथलं सरकार तिचं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून ही सगळी चाळणी. तुला हा नियम फार आवडला असता.

त्सुकुबामध्ये एक लहानशी कंपनी आहे. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पायांना बांधायचं यंत्र ते बनवतात. यंत्र पाय उचलतं, माणूस चालतो. आता ते खऱ्या माणसांवर वापरून बघायचं आहे, तिथल्या एका रुग्णालयाने त्यासाठी खोली दिली आहे, पण कुणी पडलं, हाड मोडलं तर भरपाईचा विमा हवा, त्याशिवाय रुग्णालय दार उघडणार नाही. इथल्या कंपन्यांना विचारलं. आणि आई, इथे खरी गंमत आहे. इथलं कुणीच घेत नाही हे सरकारला दाखवायचं, तर कुणीतरी स्पष्ट ‘नाही’ म्हणायला हवं ना? या देशात कुणी नाही म्हणत नाही! ‘आम्ही अभ्यास करतो,’ ‘अजून थोडा विचार करू द्या,’ असं म्हणून कमरेत वाकतात आणि लिफ्टपर्यंत सोडायला येतात. त्या वाकण्यातून नकार ओळखता येतो, पण वाकणं सरकारपुढे कसं ठेवणार? ते नकार गोळा करण्यातच आमचे महिने गेले. परदेशातली एक कंपनी तयार आहे, अर्ज सरकारकडे गेला आहे, आणि आम्ही वाट बघतोय.

त्या कंपनीत काम करणारा एक इंजिनियर आमच्याच इमारतीत राहतो. पुण्याचाच. रोज इथून त्सुकुबाला जातो-येतो, कारण बायकोला इथल्या इंडियन दुकानात बाइतो मिळाला आहे, म्हणजे अर्धवेळ नोकरी, आणि लहान मुलीला पाळणाघर. ही चाचणी झाली नाही तर कंपनीला पुढचे पैसे मिळणार नाहीत आणि त्याची नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसालाही घरघर. मागच्या रविवारी तिघांना जेवायला बोलावलं होतं. तो नीट जेवेना. भातात नुसती बोटं फिरवत म्हणाला, “ताई, आमच्या इन्शुरन्सचं काय होईल हो?” आणि मी, हातात तुपाची वाटी, त्याच्या भातावर तूप सोडत म्हणाले, “होऊन जाईल रे. तू जेव बघू.”

एवढंच म्हणाले. आपल्याकडे कोण म्हणत नाही असं? परीक्षा देऊन आलेल्या पोराला म्हणतो, मुलीचं लग्न जमत नसलेल्या मावशीला म्हणतो. ते काही वचन नसतं, पाठीवरून फिरवलेला हात असतो. पण तो भाबडा सोमवारी ऑफिसात जाऊन सांगून बसला की ब्रोकरकडच्या ताई म्हणाल्या, विमा होतोय. गुरुवारी त्यांच्या मालकांचा, म्हणजे शाचोंचा मला फोन. आधी आभार, मग पुन्हा आभार. पुढच्या सोमवारपासून चाचणी सुरू करतो आहोत, रुग्णालयालाही कळवलं आहे, तुमचे फार उपकार झाले. फोन ठेवून मी कॅलेंडर पाहिलं, सोमवार चार दिवसांवर होता. या देशात ज्याचं ते काम आहे त्याने तोंडाने सांगितलं की ते झालं असंच धरतात. मी घरच्या जेवणात बोलले होते, त्यांनी ते माझ्या ऑफिसच्या टेबलावरून बोललेलं धरलं. आणि चुकलं काय त्यांचं?

त्या फोननंतर तू आलीस डोळ्यांसमोर. स्वयंपाकघराच्या दारात उभी, ऑफिसची साडी, खांद्यावर पर्स तशीच. बाबा दवाखान्यात होते तेव्हाची. मी शेजारच्या काकूंकडे दिवसभर बसून होते आणि दर तासाला त्या मला म्हणत होत्या, बरे होतील गं, अगदी खडखडीत होतील. तू आल्यावर मी विचारलं, “आई, बाबा बरे होतील ना?” तू पर्स काढून खुंटीला लावतेस, पाणी पितेस, आणि म्हणतेस, “मला माहीत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पहिल्यांदा तुला सांगेन.” मी रडले तर म्हणालीस, “काकूंना काय जातंय बोलायला? उद्या उत्तर मला द्यावं लागेल.” बाबा बरे झाले, घरी आले, पण मी तुला माफ केलं नाही. कोरडी बाई, असं नातेवाईक म्हणायचे तुला, आणि मला ते पटायचं. मी इथे यायला निघाले तेव्हाही सगळ्या आत्या-मावश्या ‘छान होईल हो सगळं’ म्हणत डोळे पुसत होत्या आणि तू माझ्या बॅगेत कुकरच्या दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी कोंबत होतीस. “तिकडे मिळेल न मिळेल,” एवढंच. पहिली रिंग दोन वर्षांत फाटली. दुसरी घालून आज सकाळीही वरण केलं, ती जरा सैल झाली आहे.

शुक्रवारी माझ्या वरिष्ठांबरोबर मी त्सुकुबाला गेले. हे फोनवर सांगायचं नसतं, समोर जाऊन मान खाली घालायची असते. गाडीत ते एवढंच म्हणाले, “बोलायचं तुम्हीच.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. शाचो सत्तरीचे आहेत, स्वतः चहा घेऊन आले. मी म्हणाले, “परवानगी अजून आलेली नाही. येईलच असं मी सांगू शकत नाही. ती आल्याशिवाय विमा नाही, आणि विमा नाही तर कृपा करून सोमवारी कुणालाही यंत्र बांधू नका. माझ्या बोलण्याने तुमचा गैरसमज झाला, चूक माझी आहे.”  आपला इमारतीतला पोरगा कोपऱ्यात उभा होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. मग शाचो म्हणाले, “चाचणीतल्या पहिल्या आजींनी चालण्यासाठी नवे बूट घेतलेत. त्यांना मी सांगतो.” आणि वाकले. मला, आई! मी कुठे बघू कळेना. रुग्णालय महिनाअखेरपर्यंत खोली राखून ठेवणार आहे. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला तरी जाईल.

काल सकाळी कचरा टाकायला खाली उतरले तर त्या इंजिनियरची बायको प्लास्टिकची पिशवी घेऊन तिथेच उभी. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिने माझा दंड धरला. “ताई, महिनाअखेरीच्या आत येईल ना हो परवानगी?” डोळे भरलेले. होऊन जाईल, अगदी जिभेवर आलं होतं. किती स्वस्त होतं ते! ते गिळून मी म्हणाले, “मला माहीत नाही गं. कळलं की पहिल्यांदा तुला सांगेन.” तिचा चेहरा असा पडला, आणि मला कळलं की दारात उभ्या असलेल्या तुला माझा चेहरा कसा दिसला असेल. ती दंड सोडून जिना चढून गेली. तू मात्र तेव्हा तेवढ्यावर न थांबता माझं पान वाढायला घेतलं होतंस, आता आठवतंय. ताटात दोनदा वरण वाढलं होतंस.

म्हणजे भांडण संपलं म्हणायचं. तू बरोबर होतीस, मी तुझ्यासारखीच वागले, उद्या सोमवार आहे आणि उद्या कुणी पडणार नाही. हे मी दिवसभर स्वतःला बजावते आहे, तरी दर थोड्या वेळाने मोबाइल उचलून बघते. हे कागद कुकरच्या रिंगेच्या जुन्या पाकिटात घालून ठेवेन, तुला पोचतील अशी टपालपेटी तर नाहीच कुठे. पण एक सांगून ठेवते. माझ्या पाठीवर हात ठेवून कुणीतरी ‘होऊन जाईल गं’ म्हणावं असं कालपासून फार वाटतंय, आणि ते तू म्हणावंस. तुला माहीत नसलं तरी चालेल.