जमिनीत पुरलेले कान

८ मार्च १९६६
आजच्या एका बाराची खरी किंमत : सुरुंगाची एक कांडी, चंद्राबाईच्या दोन घागरी, अंड्यावरून उठलेली एक कोंबडी आणि लालासाहेब पाटलांची अर्धी मिशी. न्हावी वस्तरा चालवत होता. बार उडणार हे पाटलांना सांगायचं माझ्याकडे होतं — विसरलो!

कुंडलजवळच्या आमच्या बौद्धवस्तीला स्वतःची विहीर मंजूर झालीय. एकच. आजवर पाटलांच्या विहिरीवर आमच्या बायका खाली उभ्या. वरून कुणी ओतेल तेव्हा घागर भरायची. जागा चुकून चालायचं नाही. म्हणून पाणी शोधायला सरकारी जीप घेऊन बर्वेसाहेब आलेत. बार उडवायला मी. पलटणीत शिकलेली विद्या.

साहेब खुंटीएवढे बारा 'कान' जमिनीत पुरतात, वायरींनी यंत्राला जोडतात. बार उडाला की हादरा खालून धावतो, कागदावर रेघा नाचतात. अखंड दगडातून झटकन येतो, फुटक्या दगडातून रेंगाळत. रेंगाळला तिथं पाणी.

बारा कशाला? मला दोन पुरतात! पहार ठोकतो, कान लावतो. एकतीस विहिरी सांगितल्या, एक कोरडी नाही. माझं म्हणणं — वस्तीतल्या कडुलिंबाजवळ खणा.

९ मार्च
बाराच्या वेळी कुणी हलायचं नाही. पाऊल वाजलं तरी कागद बिघडतो. लाल निशाण माझ्या हाती! वर केलं की गाव थिजतं. आज लालासाहेब एका पायावर, एक वहाण हातात.
"धोंडिराम, झालं का रं?"
"न्हाई जी. जमीन अजून ऐकतीया."
बार होऊन साहेबांची एक विडी संपली होती.
या माळावर मात्र पाणी नाही.

१० मार्च
आज ओढ्याकाठी. ती जागा मला नकोच होती. निशाण वर, गाव थिजलेलं — आणि माझा उजवा पाय आपटला. मुंगी चावली म्हणू? छे. आपटला मीच.
कागदावर नुसता गोंधळ. साहेब म्हणाले, "ही रेघ वाचताच येत नाही. उद्या औंधला हजर व्हायचंय. आता तुमच्या कडुलिंबाजवळच खणा."
जिंकलो!

११ मार्च
सकाळी भाकरीला बसलो. रंगुबाई, आमची मंडळी, नवी घागर पुसत होती. "तुमी सांगितलीया जागा म्हंजी पानी लागलंच. म्या लय आधीच घिऊन ठिवली."
अर्धी भाकर तशीच ठेवली. उठलो, जीप गाठली.
"साहेब, काल पाय मी आपटला."
"निशाण तुमच्या हातात, आणि पायही तुमचाच?"
"व्हय जी. ओढ्याकाठी परत एक बार उडवू या."
शिव्या दिल्या नाहीत. हसलेही नाहीत. जीपमधून वायरी मात्र पुन्हा उतरवल्या. निशाण दिलं लालासाहेबांच्या हाती, आणि मी एका पायावर! बार झाला, हादरा रेंगाळत आला, कागद गुंडाळला — निशाण वरच.
"मालक, पाय भरला की वो!"
"थांब गड्या. जमीन अजून ऐकतीया."
वस्तीतली पोरंसोरं लोळून हसली.

२३ एप्रिल
ओढ्याकाठी अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. रंगुबाईनं पहिली घागर स्वतः शेंदली.
दुपारी कडुलिंबाजवळ एकट्यानंच खणून बघितलं. पाच फुटांवर अखंड काळा दगड.