आईचा पेला

वेंडेल,

अंत्यविधीनंतर तू विचारलंस, "मरणाचं औषध घरात होतं, मग आईला दिलं का नाहीस?"

आपल्या ओरेगनात डॉक्टर ते कायद्यानं लिहून देतात, पण मी पाजायचं नसतं रे. आजाऱ्यानं आपल्या हातानं प्यायचं असतं. मंगळवारी तिला पेला धरता येत होता.

"कडू असतं म्हणे. वर खायला लिंबाचं आईस्क्रीम आणून ठेव," ती म्हणाली. "आणि आधी वेंडेलला येऊ दे, नाहीतर जन्मभर कुरकुरत बसेल."

"निघालाय तो," मी म्हटलं.

बुधवारी तिला पाण्याचा घोटही गिळवेना. पुढे नऊ दिवस ती कण्हत दाराकडे बघत राहिली.

मंगळवारी मी तुला फोन केलाच नव्हता. मला ती आणखी एक दिवस हवी होती.

हे पत्र टपालात न टाकणारी तुझी बहीण,
मार्लिस