तीस नोव्हेंबरला ब्रनो सोडणे

१७ ऑगस्ट
निर्णय झाला. ३० नोव्हेंबरला ब्रनो सोडायचं. व्हिएन्नाच्या विमानतळाची बस सकाळी साडेनऊला सुटते. तिथून लीड्स, जिलियनकडे. तिच्या घरात मागच्या बाजूला एक खोली आहे. या वयात मुलीजवळ राहणं शहाणपणाचं.
हे शहर माझ्या बायकोला, हिलरीला आवडायचं. माझं तसं काही नव्हतं. टर्बाइनच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम होतं म्हणून आलो. ती रमली, म्हणून एकोणीस वर्षं राहिलो. मार्चमध्ये ती गेली. आता थांबायला कारण नाही.

१८ ऑगस्ट
जाण्याआधी एकच काम. टेकडीवरच्या आमच्या बागेत प्लमची दोन झाडं आहेत. फळं उतरवून, आंबवून, भट्टीवर नेऊन स्लिवोवित्से, म्हणजे प्लमची दारू, काढून घ्यायची. तिनं छाटलेल्या झाडांची ही शेवटची फळं. दरवर्षी सगळं ती करायची, मी पिंप उचलायचो. त्यामुळे कृती मला पूर्ण माहीत आहे. अंदाजे बारा बाटल्या. सगळ्या लीड्सला नेणार.

२ सप्टेंबर
बागेचा प्लॉट सोडतो आहे असं बागवाल्यांच्या मंडळाला कळवायला हवं. पत्र लिहिलं. घरात पाकीट नव्हतं.

५ सप्टेंबर
शेजारच्या प्लॉटवर कुबीचेक टोमॅटोला काठ्या बांधत होते. त्यांना बातमी सांगितली. माझी चेक भाषा उत्तम आहे. एवढंच, की बोलण्याचं काम हिलरीकडे होतं आणि ऐकण्याचं माझ्याकडे.
"कुठे जाणार, इंजिनियरसाहेब?"
लीड्सला, म्हटलं.
"तिथे काय आहे?"
मुलगी आहे.
"मग तिला इकडे बोलवा की. विमानं दोन्हीकडून उडतात."
यावर उत्तर तयार करतो आहे.

१४ सप्टेंबर
फळं उतरवली. कुबीचेक यांच्या बायको यार्मिलाबाई मदतीला होत्या. मी शिडीच्या वरच्या पायरीवर गेल्यावर खालून ओरडल्या, "खाली या हो! खाली पडलेले प्लम मी वेचीन, खाली पडलेला इंजिनियर नाही!" उरलेलं झाड त्यांनी हलवून उतरवलं. पद्धत ओबडधोबड, पण वेळ वाचला.

१६ सप्टेंबर
लगदा पिंपात भरला. पिंप इमारतीच्या तळघरात. कुबीचेक यांचा सल्ला: "झाकण घट्ट लावा आणि विसरून जा. नोव्हेंबरात भेटा त्याला."
याला काही शास्त्रीय आधार दिसत नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून ढवळणार, तापमान घेणार, नोंद करणार. वही आहेच. पहिली पानं हिलरीच्या तापाची, नोव्हेंबर ते मार्च, दिवसातून दोनदा. पुढचे रकाने आखून ठेवलेले होते. वाया कशाला घालवायचे.

२५ सप्टेंबर
सकाळी १६.८, संध्याकाळी १७.१. पिंप फसफसतं आहे. तळघरात खुर्ची नेऊन ठेवली, नोंदीच्या सोयीसाठी. पाकीट आणलं. पोस्टाचं तिकीट नव्हतं.

८ ऑक्टोबर
दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तळघरात तुमच्याकडे कोण येतं, बोलण्याचा आवाज येतो. त्यांना सांगितलं की आकडे मोठ्यानं वाचले की लिहिताना चूक होत नाही. त्या म्हणाल्या, "आकडेच ना? मला वाटलं, शेजारच्या छतगळतीबद्दल कुणाला तरी सांगताय." छतगळतीचा उल्लेख ओघात झाला होता.

१७ ऑक्टोबर
चार दिवस लीड्सला जाऊन आलो. सवय व्हावी म्हणून. ब्रनोच्या सवयीनं लिफ्टमध्ये शिरताना लोकांना नमस्कार केला, उतरताना निरोप घेतला. एक बाई दोन मजले आधीच उतरली. जिलियनच्या शेजाऱ्यांकडे दारात बूट काढले. त्यांनी विचारलं, पाय दुखतात का. दुपारच्या जेवणाआधी इथल्यासारखं सूप मागितलं, तर जिलियन म्हणाली, "बाबा, तू आजारी आहेस का?" ट्रामही नाही. या काही राहण्या-न राहण्याच्या सबबी होऊ शकत नाहीत. फक्त नोंद करून ठेवतो.
त्या चार दिवसांचे रकाने कोरे राहिले. त्या काळात पिंपाची तब्येत थोडी सुधारलेली दिसली. योगायोग.

२ नोव्हेंबर
आज सगळं शहर कबरींवर दिवे लावायला जातं. गर्दी नको म्हणून सकाळी सातला गेलो. हिलरीचा दिवा आधीच लागलेला होता. यार्मिलाबाई बाकावर बसून थर्मासमधली कॉफी पीत होत्या. म्हणाल्या, "उशीर केलात." मग म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मी लावीनच. पण तिला दोन दिव्यांची सवय आहे."
माझा शेजारी ठेवला. दिवा चांगल्या प्रतीचा आहे, तीन दिवस टिकतो.

१२ नोव्हेंबर
झाकण उघडलं की नाकाला झोंबतं. दारू तयार होत आल्याचं लक्षण असावं.
पत्राला तिकीट लावलं. पेटीपाशी पोचलो तेवढ्यात ट्राम आली. समोर आलेली ट्राम सोडणं बरं दिसलं नसतं.

२० नोव्हेंबर
भट्टीवर गेलो. गावाबाहेर आहे, कुबीचेक यांनी गाडीनं नेलं. आमच्या पुढे सहा जण, प्रत्येकाचं पिंप, आणि वाट बघताना भाजायला प्रत्येकाचं सॉसेज. भट्टीवाल्यानं माझं झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घेतला आणि झाकण लावलं.
"हा व्हिनेगर आहे," तो म्हणाला. "हा भट्टीत घातला तर माझं तांबं रडेल."
रांगेतला एक जण म्हणाला, "लोणच्याला काकडी आणा रे! शंभर किलो!"
दुसरा म्हणाला, "इंग्रजाला चहा उकळू द्यावा. त्यापुढे जाऊ देऊ नये."
कुबीचेक यांनी विचारलं, झाकण किती वेळा उघडलं. मी म्हणालो, एकशे बावीस. पुरावा म्हणून वही दिली. ते शेवटून पानं उलटत गेले. पहिल्या पानांपाशी पोचल्यावर थांबले आणि वही मिटली.
"इंजिनियरसाहेब, हवा लागली त्याला," ते म्हणाले. "तुम्ही त्याला एकटं सोडलंच नाहीत."
त्यानंतर काकडीचं नाव कुणी काढलं नाही. मला सॉसेज मिळालं, मोहरीसकट.

२३ नोव्हेंबर
पिंप बागेत नेऊन खड्ड्यात रिकामं केलं. कुबीचेक स्वतःच्या स्लिवोवित्सेची बाटली घेऊन आले. "ही न्या लीड्सला." मी नाकारली. दुसऱ्याच्या झाडाची बाटली हिलरीची म्हणून तिकडे कशी देणार. ते म्हणाले, मग इथेच पिऊ. प्यालो. त्यांची उत्तम उतरली आहे. त्यांनी त्यासाठी काहीही केलेलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर
बॅगा भरल्या नाहीत. शांत डोक्यानं विचार केला. हातातलं काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. यंदाच्या फळांचं नुकसान झालं. झाडं तशीच आहेत. पुढच्या नोव्हेंबरात बारा बाटल्या घेऊन जाता येईल. हा फक्त एका वर्षाचा तांत्रिक विलंब. शहराशी त्याचा संबंध नाही.

३० नोव्हेंबर
साडेनऊची बस गेली. खिडकीतून दिसली नाही, पण वेळेवरच गेली असेल.
जिलियनला फोन केला. कसं सांगायचं याची तालीम केली होती: तिला वाईट वाटेल, तिनं खोली अडवून ठेवली आहे, वर्षभराचं नियोजन कोसळेल.
ती म्हणाली, "बाबा, ती खोली मी सप्टेंबरातच एका विद्यार्थ्याला भाड्यानं दिली."
मी विचारलं, मग मी आज आलो असतो तर?
"सोफा होता. पण तू येणार नव्हतास. आईनं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. म्हणाली, 'ब्रनो मला आवडतं ते तुझ्या बाबाला आवडतं म्हणून. त्याला ते माहीत नाही. त्याला हलवू नकोस.'"
मी म्हणालो, तिचा काहीतरी गैरसमज झाला असणार.
"बाबा, ती चाळीस वर्षं तुझ्याबरोबर राहिली."
मी म्हणालो, एक्केचाळीस.
तिनं ते मान्य केलं. तेवढ्या मुद्द्यावर तरी माझंच बरोबर होतं.