चौथ्या शीलाचा खोकला

सूरत, आश्विन १९९३

प्रिय पंडितभाऊ,
जय भीम.

पत्र बघून दचकू नको, तब्येत बरी आहे. चौथी नापासाचं अक्षर आहे, जुळवून वाच. यंत्रमागांच्या खडखडाटात कान गेल्यातच जमा, पण तुझ्याबद्दलचं बोलणं बरोब्बर ऐकू येतं.

शेजारच्या मागावरचा शालिग्राम गावाहून आला. म्हणाला, "तुझा भाऊ शांतता कमिटीत गेला अन् तोताराम आबाच्या ओट्यावर चहा प्यायले लागला." तोताराम आबाच्या? ज्याच्या पोरावर, लीलाधरवर, दगडफेकीची केस आहे, त्याच्या? बुद्धपौर्णिमेची मिरवणूक वरच्या आळीत वळली, दगड आला, तुझ्या हातातल्या तसबिरीची काच फुटून तुझ्या भुवईला चार टाके पडले, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. पोरं म्हणतात, पंडितला आबा सरपंचाच्या निवडणूक पॅनेलमध्ये जागा पाहिजे. मी एकाची कॉलर धरली, पण हात ढिलाच होता.

दुसरं. ध्वजाच्या कट्ट्याभोवतीचे दगड आपण दर एप्रिलला निळे करतो. यंदा मीच रंगवले होते. शालिग्राम म्हणतो, मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी तू एकट्यानं सगळ्यांना चुना फासलास. "वरच्या आळीले खूश करायले निळा पुसला!" वस्तीतली बेबाबाई तर तोंडावर म्हणाली म्हणे, "पंड्या, उद्या बुद्धालेबी चुना लावशील." तू नुसता हसलास. का हसलास?

आणि तो दगड कुठं आहे? पंचनाम्यात काच आहे, दगड नाही. तो तुझ्या पायाशी पडला होता. रक्त पुसायच्या आधी तू खाली वाकलास, अन् तुझ्या पांढऱ्या सदऱ्याचा खिसा एकदम लोंबला. मी बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तू मला जळगावला नेऊन सूरतच्या गाडीत बसवलंस. मी कुठं टिकत नाही हे खरं, पण सूरतचं नाव मी कधी काढलं होतं? गाडी हलेपर्यंत तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पाच महिने मी हेच उगाळतोय, की माझ्या भावानं मला गावातून काढलं कशाला.

परवा शालिग्राम हसत हसत विहारातलं सांगत होता. वर्षावासात, पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत, वंदना तूच सांगतोस. तीन शीलं खणखणीत, अन् चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तुला रोज खोकला येतो. ते लोकच म्हणून टाकतात. पाचव्याला तुझा गळा परत मोकळा. "घसा दाखव म्हणा त्याले," म्हणाला. माझ्या मागाचा धागा तुटला, माग तसाच चालत राहिला, कापड वाया गेलं, मला पत्ता नाही.

भाऊ, आता कळलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वरच्या आळीचा भरवसा नाही म्हणून मी निघतानाच कट्ट्याचा एक दगड खिशात घातला होता. लीलाधर ओट्यावरून ओरडला, "झेंडा उलटा धरला का रे, चौथी नापास?" मी दगड मारला. त्याच क्षणी गर्दीचा धक्का बसला अन् दगड तुझ्याकडे गेला. संध्याकाळी पोलिसांच्या जबाबात लीलाधरचं नाव पहिलं मीच घेतलं. दगड निळा होता, तो आपल्याच कट्ट्याचा हे कुणाला कळू नये म्हणून तू सगळेच पांढरे केलेस. आता लीलाधरची एसटीतली ड्रायव्हरच्या नेमणुकीची ऑर्डर केसपायी अडकली आहे, अन् तू त्याच्या बापासमोर जाऊन बसतोस, माझं नाव न घेता. ते चहाचे घोट तुला कसे गिळवतात?

पौर्णिमेला वर्षावास संपेल, खिरीला वस्ती जमेल. मी येतोय. आबाला अन् लीलाधरला बोलावून ठेव. त्या दिवशी तू खोकू नकोस, चौथं शील मी म्हणेन, मग पुढचं सगळं सांगेन. पोलीस असले तरी चालतील. तो दगड टाकून दिला नसशील तर बरोबर आण. कट्ट्यावरची त्याची जागा रिकामीच असेल.

तुझ्यावरच संशय घेत राहिलेला, तरी तुझाच,
भटू