अंबाजीचा पाहुणा

कातळवेळ, ५ नोव्हेंबर १९९४

रा. रा. अंबाजीराव यांना हणमंतरावाचा स. न. वि. वि.

भाऊबीजेला मलकपेठेत आलो नाही, इंदू रुसली असेल. तिला सांगा, भाऊ समुद्राला भाळला. कारखान्याने वेळेआधी घरी बसवलं तेव्हा मी किती परेशान होतो! तुम्ही आपल्या गावच्या घराची किल्ली हातावर ठेवलीत म्हणून बचावलो. आता रोज सकाळी एकटाच किनाऱ्याने निघतो. सोबत कोणाची नक्को वाटते. ओल्या वाळूवरून खाडीच्या मुखापर्यंत जातो आणि तिथल्या काळ्या कातळावर बसतो. त्याला मी ‘माझा कातळ’ म्हणतो. हसू नका. सगळा जन्म बेगम बाजारातल्या मिरच्यांच्या ठसक्यात गेला, बावन्नाव्या वर्षी समुद्र पाहिला.

त्रिपुरी पौर्णिमेला खाडीपलीकडच्या महादेवाला जाणार आहे. सकाळी पाणी घोट्याएवढंच असतं. पूजा करून बाराच्या सुमाराला परत. तुमच्या माहितीतलं काही सांगण्यासारखं असेल तर कळवा. इंदूला आशीर्वाद. लोभ भरतीसारखा असू द्या.

हणमंतराव


मलकपेठ, १० नोव्हेंबर

ती. हणमंतराव यांना अंबाजीचा सा. न. वि. वि.

इंदूने तुमचं पत्र दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. दोन्ही वेळा ‘माझा कातळ’पाशी मी अडखळलो. त्या कातळावर मी शाळकरी वयात जपाला बसायचो. वडील गेले तेव्हा रडायलाही तिथेच गेलो. आता मी देवपूजा घाईत उरकून कुकटपल्लीच्या बसला लोंबकळतो, आणि तिथे तुम्ही अनवाणी हिंडता. इंदू म्हणाली, जळताय की काय माझ्या भावावर? मी म्हटलं, हौ.

महादेवाला जरूर जा. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही आता तिकडचेच झालात. कातळावरून लोभ उरला तर इकडेही वळवा.

अंबाजी


तार, मलकपेठ, १६ नोव्हेंबर

पौर्णिमेला बारा वाजता उधाण. खाडी ओलांडू नका. पत्र मागाहून. अंबाजी.


मलकपेठ, १६ नोव्हेंबर

ती. हणमंतराव यांना सा. न. वि. वि.

तार केली. हे तारेत मावलं नाही. उधाणाचं मला मागचं पत्र लिहितानाही ठाऊक होतं. मुद्दाम गाळलं. वाटलं, समुद्राने तुम्हाला एकदा परकं ठरवावं. जिवावर बेतेल, हे मनात आलं नव्हतं. की आलं होतं, ते देवच जाणे. आज सांजवात लावताना इंदूने तुमच्यासाठी हात जोडले. मला जोडवेनात. तसाच तारऑफिसात गेलो. लोभ मागायला तोंड नाही.

अंबाजी


कातळवेळ, १९ नोव्हेंबर

प्रिय अंबाजी, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तार काल संध्याकाळी मिळाली, भिजून घरी आलो तेव्हा. पूजा करून निघालो तर खाडीचा समुद्र झालेला. कमरेपर्यंत उतरलो आणि पाय सुटले. देवळाच्या पायरीला धरून कसाबसा वर आलो. मग ओहोटी लागेपर्यंत महादेवापाशी बसून राहिलो. पलीकडून कोळी ओरडून विचारत होते, अंबाजीच्या पाहुण्याला पुनवेची भरती कोणी सांगितली नाही का? इथे माझं नाव कोणी घेत नाही, मी नुसता अंबाजीचा पाहुणा. मी ओरडून म्हणालो, अंबाजीने सांगितली होती, मीच ऐकलं नाही.

तुमचं पत्र अजून यायचं आहे. भरतीचं तुम्ही आधी का लिहिलं नाहीत, याचा विचार करायला देवळात पुष्कळ वेळ मिळाला, तेव्हा त्यात काय असेल ते ठाऊक आहे. आलं तरी फोडणार नाही. नाताळात इंदूला घेऊन या, तुमचं तुम्हाला परत देतो. कातळावर दोघं मावतील. जरा सरकून बसावं लागेल.

लोभ आहेच. जळफळाटासकट चालेल.

हणमंतराव