उजव्या कानापुरता आवाज

३ फेब्रुवारी २०१६, बुधवार

टेप नऊ. पुन्हा तीच खरखर. लॅपटॉपला हेडफोन लावला की माणसाच्या आधी सूं ऐकू येतो. चार्जर लावला की त्यात गुणगुण. मुलाखत घेणारे सर खणखणीत, आणि जिचं ऐकायचं ती आजी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. जुन्या कॅसेटी, कुणीतरी घाईघाईने त्यांच्या फायली केल्यात. विदर्भातली म्हातारी माणसं, छप्पन साली धम्म घेतलेली. ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. वऱ्हाडी कळणारी टीममधे मी एकटी, म्हणून माझ्याकडे.

गौरीचा फोन. टीम लीड, पण वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी. "मित्राताई, तुमच्या फायलींत 'अस्पष्ट' फार येतंय हं. क्लायंट विचारतोय."

येणारच. बाकीचे दोन कानांनी ऐकतात. माझा डावा लहानपणी गालगुंडात गेला. हे घरचं सोडून कुणाला माहीत नाही.

नवरा म्हणून सुनीलचा सल्ला, नवा हेडफोन घे. दोष हेडफोनचा नाही, लॅपटॉपचा आहे, हे त्याला पटवता पटवता भाजी करपली.

६ फेब्रु., शनि.

सु.बरोबर शनिवार पेठेत. दुकान जिन्याखाली, मालकांचा चष्मा कपाळावर.

"काय ऐकता? शास्त्रीय?"
"माणसं."
"अरे वा. माणसं ऐकणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच."

मी खरखरीचं सांगितलं. त्यांनी एक काळा डबा काढला, पेढ्यांच्या पुड्याएवढा. "लॅपटॉपमधे आवाज नसतो, आकडे असतात. आकड्यांचा आवाज करतो तो डॅक. त्या आवाजाला हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो तो अ‍ॅम्प. दोन्ही यात. बाकी सगळी जाहिरात."

सु.ला शेजारचा मोठा आवडला, चांदीच्या रंगाचा.

"तो जड हेडफोनसाठी आहे साहेब. यांच्या हेडफोनला तो लावणं म्हणजे कुंडीला पाणी घालायला बंब बोलावणं."

लहानाला पुढे एक गोल बटण, मागे छोटा खटका, लो आणि हाय. "खटका लोवरच, हायवर तोच आवाज एकदम कितीतरी पट होतो. आधी बटण शून्यावर, मग हेडफोन लावायचा, मग कानावर, मग हळूहळू आवाज. उलट्या क्रमाने करणारे परत येतात, पण माझ्याकडे नाही. कानाच्या डॉक्टरकडे."

ऐकून बघितलं. कुणी बोलायच्या आधी... काहीच नाही. स्वच्छ शांतता. रडू येईल असं वाटलं, दुकानात.

मी एकाच बाजूने हेडफोन दाबून धरला होता. त्यांनी बघितलं. "एकच कान?"
"हो."
"मग प्लेअरमधे डावं-उजवं एकत्र करा, नाहीतर अर्धं बोलणं बहिऱ्या बाजूला जाईल. आणि जपून. तुमच्याकडे स्पेअर नाही."

परत येताना सु.ने स्कूटर स्वारगेटपर्यंत हळूच चालवली.

८ फेब्रु., सोम.

डावं-उजवं एकत्र केलं. आणि कळलं, टेप नऊमधे आजी बोलताना शेजारी एक म्हातारा बसलेला आहे! मधूनमधून तिला दुरुस्त करतो. तो सगळा डाव्या बाजूला. मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. टेप नऊ पहिल्यापासून परत.

सलग काम. 'अस्पष्ट' जवळजवळ नाही. आईने चहा ठेवला, डब्याला बोट लावून बघितलं. "गरम होते व्हय हा?" जरासा होतो.

मेसेजमधे गौरीचा अंगठा. मग अजून एक अंगठा.

११ फेब्रु., गुरु.

टेप अकरा. अमरावतीकडच्या एका खेड्यातली आजी. माझ्या आईसारखंच बोलते, 'काहून' आणि 'मले' आणि 'तुले'. नागपूरला कशी गेली ते सांगते. पदरात काही महिन्यांचं लेकरू. निघायच्या दिवशी ते तापलं. नवरा म्हणाला राहू दे. ही म्हणाली, "मी जातो." आमच्याकडे बायाही स्वतःला 'जातो', 'गेलो' म्हणतात. लेकरू सासूजवळ ठेवलं न् निघाली.

मग सर विचारतात, "मग लेकराचं काय झालं, आजी?"

आणि तिचा आवाज बसतो. ओठ मिटल्या-उघडल्याचा आवाज तेवढा येतो. बटण शेवटपर्यंत नेलं तरी नाही. दुपारभर तेवढंच मागेपुढे.

'अस्पष्ट' लिहवत नाही. ती काहीतरी सांगते आहे.

१६ फेब्रु., मंगळ.



टेप अकरा, तीच जागा. मागचा खटका हायवर केला. त्या एका वाक्यापुरता. बटणही वर. ऐकू आलं. तिचा श्वास, बांगड्या, आणि "रस्त्यात मंग" एवढं स्पष्ट. आणि तिथे कुणाच्या तरी हातून माईक पडला.

हेडफोन कधी काढला आठवत नाही. फरशीवर होता.

कानात शिट्टी. बारीक, एकसारखी. आई दारात, तोंड हलतंय, आवाज कापसातून. मी म्हणाले, आई. माझा आवाज मलाच लांबून आला.

१७ फेब्रु., बुध.

सु.ने रजा टाकली. रिक्षात तो बोलत होता, रिक्षाच्या आवाजात मला काही कळत नव्हतं, तोंडाकडे बघत होते. एकदाच कळलं.

"एकच होता ना गं तुला."

होता म्हणाला. आहे नाही.

कानाच्या डॉक्टरबाई. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. कितीतरी वेळ बाई काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या आणि मी बटण दाबत नव्हते. म्हणजे आवाज होता.

कागदावरची रेघ उजवीकडे गेल्यावर दरीत उतरते. "बारीक आवाज गेलेत. बोलण्यातले स, श, त, फ निसटतील."

"परत येईल?"

"लवकर आलात हे चांगलं केलंत. काही येईल. सगळं येईल असं मी लिहून देणार नाही."

स्टिरॉइडच्या गोळ्या, पुढची तपासणी एकोणतीसला. हेडफोन बंद, गोंगाट बंद, काळजी बंद. तिसरं कसं करायचं ते चिठ्ठीत नाही.

१९ फेब्रु., शुक्र.

सकाळी उठल्यावर पहिलं काम: कानाशी बोटं चोळून बघणे. आज सळसळ आली की नाही? आली असं वाटलं. मग वाटलं, बोटांना कळलं, कानाला नाही.

गोळ्यांनी झोप उडालीय. शिट्टी चालू.

गौरीला सगळं सांगितलं, डाव्या कानासकट. सु.च्या फोनवरून, स्पीकर लावून, तो शेजारी मला परत सांगत होता. मला वाटलं, आता ही म्हणेल कंपनी विचार करेल वगैरे. ती म्हणाली, "ताई, आधी बरं व्हा. फायली मी देते दुसरीकडे." आणि मला तेच नको होतं.

२२ फेब्रु., सोम.

गौरीने टेप अकराचा मजकूर पाठवला, दुसऱ्या कुणी केलेला. नुसता डोळ्यांनी तपासा म्हणाली.

"काहून गेली?", म्हणजे का गेली, याचं त्याने "कानून गेली" केलंय. पुढे तीन ठिकाणी कानून. वाचणाऱ्याला वाटेल आजी कोर्टात गेली होती.

लेकराच्या जागी: [अस्पष्ट]. माईक पडण्याच्या जागी: [आवाज].

आवाज! हसले. हसता हसता आईकडे बघितलं तर ती घाबरलेली.

२५ फेब्रु., गुरु.

बिबवेवाडीच्या चौकात रस्ता ओलांडत होते. एका कानाने आवाज कुठून येतो ते तसंही कळत नाही, म्हणून मी दोन्हीकडे बघून चालते. आज बघितलं होतं. तरी एक मोटारसायकल अगदी पोटरीशी येऊन थांबली. गाडीवरचे काका हॉर्न वाजवून दमले होते.

"अहो बाई, बहिऱ्या आहात का?"

"अर्धी," मी म्हणाले. "बाकीचं सोमवारी कळेल."

गाडी बंदच पडली त्यांची. मी पलीकडे गेले आणि मेडिकलच्या पायरीवर बसून राहिले.

सु.ला सांगितलं नाही.

२९ फेब्रु., सोम.

तपासणी. रेघ वर आलीय. दरीची डावी कड भरली, तळ तिथेच. शिट्टी कमी आहे हे मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

मी विचारलं, काम?

"सोडा म्हणत नाही. पण आवाज कमीत कमी. मधेमधे कानाला सुट्टी. अचानक मोठा आवाज येणार नाही याची सोय आधी, ऐकणं नंतर. आणि कमी ऐकू आलं तर वाढवायचं नाही. सोडून द्यायचं. जमेल?"

सु. माझ्याआधी म्हणाला, "नाही जमणार तिला."

खरं बोलला म्हणून जास्त लागलं.

घरी आल्यावर त्याने डबा आणि हेडफोन कपाटावर ठेवले, मागच्या बाजूला, माझा हात पोचणार नाही असे. भांडलो नाही. जेवताना तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारत होता, "आमटी. वाढू. का." मी म्हणाले, तू ओरडू नकोस माझ्यावर. तो म्हणाला, "मी ओरडत नाहीये गं." आणि त्याचे डोळे भरले. ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

१ मार्च, मंगळ.

सु. ऑफिसला गेल्यावर आईने स्टूल लावलं. मी धावले, पडशील. तिने डबा काढून टेबलावर ठेवला, पदराने पुसला.

"तो रागावेल आई."
"रागावू दे. त्याले तुह्या कानाची काळजी हाय. मलेही हाय. पण तू अशी बसून राह्यलीस तं कान राहून काय करतं?"

संध्याकाळी सु.ने टेबल बघितलं. आईकडे बघितलं. मग सेलोटेप आणली आणि डब्याच्या मागचा खटका लोवर ठेवून त्यावर आडवी-उभी चिकटवली. तीन थर.

३ मार्च, गुरु.

गौरीकडून टेप अकरा परत मागून घेतली. हेडफोन न लावता, नुसती डोळ्यांनी उघडली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते: सपाट, सपाट, मुंग्या चालल्यासारखी, आणि मधेच एक सुळका. हा तो. एवढासा. निवडून पार दाबून टाकला. मग पूर्ण टेपवर मर्यादा घातली, हिच्यावर आवाज जायचाच नाही. दोनदा तपासलं. सु.ला दाखवलं. त्याने माझ्या हातून माऊस घेऊन तिसऱ्यांदा तपासलं.

तरी हेडफोन कानाला लावायचा धीर नाही झाला. हातात धरून बसले. मान आपोआप मागे जाते.

५ मार्च, शनि.

दुपारी सु. म्हणाला, आधी आईंना ऐकू दे.

कसं सुचलं नाही मला हे! तिची भाषा, तिचे दोन्ही कान शाबूत. बटण शून्यावर, हेडफोन लावला, मग तिच्या कानांवर. हळूहळू आवाज. तिने हाताने 'बस' केलं, तिथे थांबवलं. टेप सुरू केली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

आई ऐकत गेली. एकदा हसली, "बोलते कशी पाय!" मग हसू गेलं. सरांचा प्रश्न आला असणार. तिने डोळे मिटले. मला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. सु. भिंतीला टेकून उभा.

"म्हंते, रस्त्यात मंग पान्हा आला. लुगडं भिजलं. बायका म्हणे फिर मागं. म्हंते, मी नाही फिरलो."

"आणि लेकरू?"

"ते नाही सांगत. मंग ती..." आई थांबली. "रडते का हासते ते मले नाही समजत. लई बारीक हाय. तू पाय."

हेडफोन तिने स्वतःच माझ्यापुढे धरला. सु. पुढे आला, बटण शून्यावर आहे ना ते बघितलं, आणि तिथेच उभा राहिला.

लावला. वाढवत गेले. श्वास. बांगड्या. "मी नाही फिरलो" मला आलं, आईने सांगितलं म्हणून आलं की खरंच आलं, माहीत नाही. मग ती जागा. काहीतरी आहे तिथे. दरीच्या तळाशी असावं तसं. सुस्कारा, किंवा हसू, किंवा माझीच शिट्टी.

बोट बटणावर होतं. अजून बरीच जागा होती फिरवायला.

सु.ने विचारलं, "ऐकू येतंय?" त्याचा आवाज मला आला, हेडफोनच्या बाहेरून, साधा, न ओरडता.

बटणावरून हात काढला. टाइप केलं: "मी नाही फिरलो." त्यापुढे कंस उघडला. 'अस्पष्ट' लिहिलं नाही. काय लिहायचं ते ठरेना. अजून तसाच उघडा आहे.