फाटकावरच्या फलकातून माझा ठिपक्यांचा चौकोन काढण्याबाबत

प्रति,
मा. केंद्र अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक सुविधा केंद्र,
मुख्य इमारत, तळमजला.

विषय : फाटकावरील फलक, त्यावरील माझे छायाचित्र व वॉलेटचा पत्ता तातडीने काढून टाकण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला शेरा : "कारण मोघम आहे. स्पष्ट नमूद करावे."

महोदय,

१. आपल्या केंद्राच्या फाटकाशेजारी जो मोठा फलक उभा आहे, त्यावर विणकाम हातात घेऊन हसणारी म्हातारी मी आहे. "आजी शिकल्या, तुम्हीही शिका" असे माझ्या डोक्यावर लिहिले आहे आणि कोपराशी काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आहे. त्या चौकोनासमोर मोबाइल धरला की माझ्या क्रिप्टो वॉलेटचा, म्हणजे मोबाइलमधल्या डिजिटल पैशांच्या पाकिटाचा, पत्ता उमटतो, आणि ज्याला तान्ह्या मुलासाठी माझी लोकरी टोपी हवी असेल त्याला मला परस्पर पैसे पाठवता येतात. छायाचित्रासाठी मी ठेवणीतले कपडे घालून, केस दोनदा विंचरून बसले होते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगते.

२. पहिल्या अर्जात मी कारण "वैयक्तिक" असे लिहिले. तो अर्ज आपल्या कार्यालयात बहुधा "फलक नीट दिसत नाही" अशा तक्रारींच्या गठ्ठ्यात गेला असावा, कारण पुढच्याच आठवड्यात फलक आतल्या भिंतीवरून निघून फाटकावर आला आणि त्याच्यावर दिवाही लागला. दुसऱ्या अर्जात "कौटुंबिक" असे लिहिले. त्या वेळी आपले कारकून मला म्हणाले, "आजी, लोक फोटो छापून यावा म्हणून हातापाया पडतात, आणि तुम्ही रुसून बसलाय!" मी रुसलेली नाही. मला लाज वाटते आहे. लाज वाटते हे कारण छापील रकान्यात बसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

३. मी नोकरीची सगळी वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. एकाचा दोर दुसऱ्याच्या भोकात घातला की बोलणे जुळायचे. आमच्या मोठ्या बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायच्या : "जोडून दिलंस ना? आता कान काढ." तरीही कानावर पडायचेच. कोणाचे लग्न मोडले, डॉक्टरांनी कोणाच्या घरी काय कळवले, कोण कोणाला रोज दुपारी फोन करून नुसतेच गप्प बसते, सगळे मला ठाऊक होते. शहरातल्या निम्म्या घरांचे गुपित माझ्या पोटात होते आणि त्यातले अक्षरही मी बाहेर काढले नाही. माझे यजमान चिडून म्हणायचे, "बायको केली की कुलूप आणलं?" मला ते ऐकून बरे वाटायचे. अशा बाईच्या हातून पुढे लिहिलेली गोष्ट घडली आहे, हे वाचताना कृपया लक्षात ठेवावे.

४. माझी सून माझ्या मुलाचे घर सोडून गेली. का गेली, ते मी पाहिले आहे. तिच्या मनगटावर पाहिले आहे. मुलगा माझाच आहे, त्याला मीच वाढवले, त्यामुळे याहून जास्त लिहिताना हात चालत नाही. ती लांबच्या एका गावात खोली घेऊन राहू लागली. तिला हातभार लावायचा असे मी ठरवले, पण माझे बँकेचे खाते मुलाच्या नावाशी जोडलेले आहे आणि पैसे हलले की त्याच्या मोबाइलवर संदेश जातो. म्हणून मी आपल्याच केंद्राच्या क्रिप्टो वॉलेट शिकवणाऱ्या वर्गात नाव घातले. टोप्या विकायला शिकायचे आहे, असे सर्वांना सांगितले. तेही खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते.

५. वर्गात जे सांगितले नाही ते माझ्या भाचीने सांगितले. ती म्हणाली, "मावशी, इथे नाव कुठेच लिहिलेलं नसतं, पण हिशेब सगळा उघडा असतो. ज्याच्या हाती तुझा पत्ता लागला, त्याला काय आलं, काय गेलं, कुठल्या पत्त्यावर गेलं, सगळं घरबसल्या दिसतं. आणि पत्त्याशेजारी तुझा फोटो लागला, की नावही कळलंच." म्हणून तिने मला दोन वॉलेट करून दिली. एक टोप्यांचे, चारचौघांत दाखवायचे. दुसरे सुनेसाठी, कोणालाही न दाखवायचे; त्यात भरायचे पैसे मी भाचीच्या हाती रोख द्यायचे. "या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, पण रस्त्यात भेटल्या तरी ओळख दाखवायची नाही," असे तिने मला बजावले, आणि माझ्याकडून ते पाठ म्हणवून घेतले.

६. आता माझी चूक. एक्स्चेंजमध्ये नवी लाइन जोडली की ती गिऱ्हाइकाला देण्याआधी शेजारच्या लाइनवरून तपासायची, असा नियम होता. शेजारून दोर घालायचा, "हॅलो, चाचणी" म्हणायचे, पलीकडे आवाज पोचला की मगच लाइन सोपवायची. हे मी इतक्या वेळा केले आहे की आता ते हातच करतात. दुसरे वॉलेट तयार झाले. सुनेचे पैसे त्यात टाकण्याआधी ते चालते की नाही हे पाहावे म्हणून मी टोप्यांच्या वॉलेटमधून त्यात अगदी चिमूटभर रक्कम पाठवली. ती पोचली. मला समाधान वाटले. भाचीने ज्या दोघींना ओळख दाखवू नका म्हणून सांगितले होते, त्यांचे हात मीच एकमेकींच्या हातात दिले, आणि तेही सगळ्या जगाला दिसेल असे. चाचणी मात्र उत्तम झाली.

७. त्यानंतर फलक लागला. तो आतल्या भिंतीवर होता तेव्हाच, मला वर्गातून न्यायला येता-जाता, माझ्या मुलाने तो पाहिला. आईचा फोटो म्हणून मित्रांना दाखवला, मला वाटते त्याला अभिमानही वाटला असेल. मग सहज म्हणून चौकोनासमोर मोबाइल धरला. टोप्यांच्या हिशेबात त्याला ती चिमूट दिसली, चिमटीमागे दुसरे वॉलेट दिसले, त्यातून कोणालातरी नेमाने जाणारे पैसे दिसले, आणि त्या कोणीतरी ते एका शिलाई मशीनच्या दुकानात दिलेले दिसले. त्या दुकानदारानेही माझ्यासारखाच आपला पत्ता दुकानाच्या पानावर छापला आहे. शेजारी गावाचे नाव आहे, रस्त्याचे आहे, दुकान किती वाजता उघडते तेही आहे.

८. मुलगा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. मी चहा ठेवत होते. तो म्हणाला, "आई, शिलाई मशीन घेतलीस म्हणे?" मी म्हटले, "मला कशाला मशीन? मी विणते." तो हसून म्हणाला, "तेच म्हणतोय मी." चहा न पिता तो उठला. तो चपला घालत होता तेवढ्यात मी शेजारणीच्या दारात जाऊन तिच्या फोनवरून सुनेला सांगितले, की निघ. का, ते तिने विचारलेसुद्धा नाही. ती निघाली. मशीन जड होती, ती तिथेच राहिली. तिने स्वतःच्या कमाईवर जगायचे म्हणून घेतलेली ती पहिली वस्तू होती. मुलगा त्या गावाहून परत आला तेव्हा मी पाने वाढली. आम्ही दोघे एकाच टेबलावर जेवलो. त्याचा चेहरा कसा होता ते मी वर मान करून पाहिले नाही.

९. तिला पैसे आता वेगळ्या वाटेने जातात. ती वाट नव्याने केली आहे, जुन्यातला एक कणही तिला शिवलेला नाही, आणि या वेळी मी चाचणी घेतलेली नाही. हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले.

१०. झालेला हिशेब पुसता येत नाही, हे मला माहीत आहे. तशी मागणी मी करत नाही. पण फलक जोवर उभा आहे तोवर माझा चेहरा त्या हिशेबाशी जोडलेला आहे आणि मुलाचे ज्या-ज्या मित्रांशी बोलणे होते तो प्रत्येक जण त्यावर मोबाइल धरून शोध घेऊ शकतो. काल दोघे धरून उभे होते. त्यांना टोपी नको होती.

११. फलक उतरवायचा तर तो पत्ता माझाच असल्याचा पुरावा म्हणून सर्व व्यवहारांची छापील प्रत साक्षांकित करून जोडावी, व ती हरकतींसाठी पंधरा दिवस सूचनाफलकावर लावली जाईल, असे आपले कारकून सांगतात. महोदय, फाटकावर लटकलेली गोष्ट काढायला तीच गोष्ट उलगडून आत लटकवायची, हे मला या वयात समजत नाही. पत्ता माझा आहे याला पुरावा हवा असेल तर फलकाखाली मला उभी करून पाहावे. चेहरा जुळेल. हसू जुळणार नाही.

१२. तरी विनंती अशी, की फलक आजच्या आज उतरवावा. हा अर्ज सूचनाफलकावर लावू नये. माझा मुलगा माझ्या नावाने काही विचारायला आला, तर तो माझा मुलगा आहे एवढ्या कारणावर त्याला काहीही देऊ नये. आणि वर्गात पहिल्याच दिवशी, पैसे पाठवायला शिकवण्याआधी, आपला पत्ता म्हणजे दाराला लावलेली पाटी नव्हे, दारच आहे, हे सांगावे. सांगायला दुसरे कोणी नसेल तर मी येईन. आदर्श म्हणून बोलावू नये. काय करू नये हे दाखवायला बोलावले तर मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल असे बोलेन, आवाज अजून एक्स्चेंजचाच आहे.

१३. सून खुशाल आहे का, असे आपल्या मनात येईल. आहे. मला ते कसे कळते, हे या अर्जात लिहिणार नाही. कारण मोघम वाटल्यास मोघमच राहू द्यावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत नव्हे, फलक उतरण्याच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
(सही)
फलकावरील आजी
(नाव आपल्या दप्तरी आहे, येथे पुन्हा लिहीत नाही.)

दिनांक : ९ फेब्रुवारी

सोबत :
१. फलकाचे छायाचित्र. चौकोन शाईने काळा केला आहे. उजेडात धरून पाहिले, काही दिसत नाही.
२. व्यवहारांची साक्षांकित प्रत : जोडलेली नाही, जोडणार नाही.
३. लोकरी टोपी, एक. कारकुनांना नातू झाला असे कळले. तिचे पैसे पाठवू नयेत.